चित्रातला एलसीडी: पीपीएम की पीएनजी?

एलसीडी४लिनक्स हा लिनक्सवरची माहिती छोट्या एलसीडी डिस्प्लेवर दाखवणारा प्रोग्राम. त्याचा इमेज ड्रायव्हर खरा डिस्प्ले न जोडता त्याचं चित्र फाइलमध्ये लिहितो. फॉरमॅट दोन: पीपीएम आणि पीएनजी.

पीपीएमला वेगळी लायब्ररी लागत नाही, पण फाइल फुगते. २० बाय ४ अक्षरं, ५ बाय ८ चा फॉन्ट, ठिपका ४ पिक्सेलचा आणि मधे १ ची फट धरा. कडा सोडूनही ५०० बाय १६० पिक्सेल होतात, म्हणजे पिक्सेलला ३ बाइट धरून २,४०,००० बाइट. तेही दर रिफ्रेशला! शिवाय ब्राउझर पीपीएम दाखवत नाहीत.

पीएनजीसाठी जीडी ही चित्रं बनवणारी लायब्ररी आधी बसवावी लागते. पण मोजक्या रंगांचं हे चित्र त्यात छान आवळून बसतं, एकही ठिपका न बिघडता. मी पीएनजीच घेतो. चित्र दुसऱ्या प्रोग्रामकडे सोपवायचं असेल, तरच पीपीएम.