एकाच कैदखान्यातले दोन कैदी

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या हाती लागलेला ब्रिटिश किंवा अमेरिकन सैनिक आणि सोव्हिएत सैनिक, दोघेही युद्धकैदीच. पण पहिल्यांपैकी शंभरात चारेक दगावले. दुसऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त: सुमारे ५७ लाखांतले ३३ लाख.

पाश्चात्त्य कैद्याला रेड क्रॉसचं पार्सल मिळे. दुधाची भुकटी, डबाबंद मांस, चॉकलेट, सिगारेटी. घरची पत्रंही येत. तरी सगळं कायद्यानं चाललं असं नाही. मार्च १९४४ मध्ये स्टालाग लुफ्ट ३ या वैमानिक कैद्यांच्या जर्मन छावणीतून पळालेल्यांपैकी ५० जणांना पकडून गोळ्या घातल्या. तो सरळसरळ खूनच होता.

सोव्हिएत कैद्यांच्या वाट्याला १९४१ च्या थंडीत आलं ते काटेरी तारेआडचं उघडं माळरान. हातांनी खड्डे उकरून त्यात झोपायचं, गवत आणि झाडाची साल खायची. राजकीय कमिसार, म्हणजे सोव्हिएत सैन्यातला कम्युनिस्ट पक्षाचा अधिकारी, सापडला की ठार करा, असा ६ जून १९४१ चा लेखी हुकूमच होता. बुखेनवाल्डच्या छळछावणीत तर वैद्यकीय तपासणीचं सोंग: उंची मोजायच्या पट्टीला पाठ लावून उभं करायचं आणि मागच्या फटीतून मानेत गोळी.

सोव्हिएत संघानं युद्धकैद्यांच्या वागणुकीविषयीच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर सही केली नव्हती, ही जर्मनीची सबब मला मुळीच पटत नाही. जर्मन लष्करी गुप्तचर प्रमुख कानारिस यांनीच सप्टेंबर १९४१ मध्ये लेखी बजावलं होतं, की करार नसला तरी कैद म्हणजे सूड नव्हे, शिक्षाही नव्हे. जर्मन सैन्याच्या सर्वोच्च कमांडचा प्रमुख कायटेल यानं ते फेटाळून लावलं.