चहाची किटली घेताना : लाल माती, स्टोनवेअर, पोर्सिलिन आणि यीशिंग

हाताने घडवलेली किटली घ्यायला निघालेल्या माणसाचे लक्ष आधी घाटाकडे आणि रंगाकडे जाते. मातीचा विषय बहुधा विक्रेताच काढतो : ही माती चहाचा तुरटपणा घालवते, ती सुगंध धरून ठेवते, अमुक माती दर वापरागणिक चव वाढवते. वडोदऱ्यात हाताने केलेले चांगले भांडे मिळणे मुळीच कठीण नाही. इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा १९५० पासून आहे, स्टोनवेअरमधील, म्हणजे जास्त आचेवर भाजलेल्या घट्ट भांड्यांमधील, कामासाठी देशभर ओळखल्या गेलेल्या ज्योत्स्ना भट्ट (१९४०–२०२०) यांनी तिथे दीर्घकाळ शिकवले, आणि त्या परंपरेतून आलेले अनेक जण आजही शहरात स्वतःची भट्टी चालवतात. समोर तीन-चार किटल्या मांडलेल्या असताना कोणती घ्यावी, हे मात्र विक्रेत्याच्या बोलण्यावरून ठरवता येत नाही. तो निर्णय सोपा व्हावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. माती चहावर मुख्यतः दोन मार्गांनी परिणाम करते. एक मार्ग तिच्या छिद्रांचा, म्हणजे माती चहातले काय आणि किती शोषून घेते याचा. दुसरा उष्णतेचा, म्हणजे ओतलेल्या आधणाचे तापमान ती किती उतरवते आणि पुढे किती वेळ टिकवते याचा. किटली आतून झिलईची असेल तर पहिला मार्ग जवळजवळ बंद होतो, कारण चहाचा स्पर्श मातीला होतच नाही, काचेच्या पातळ थराला होतो. म्हणून मातीचे नाव विचारण्याआधी झाकण उचलून आत पाहावे. आत चकाकणारा थर असेल, तर मातीच्या चवीबद्दलची बहुतेक विधाने त्या किटलीला लागू होत नाहीत.

त्याहीआधी आपण कोणता चहा पितो, हे स्वतःशी स्पष्ट करावे. आपल्या बहुतेक घरांत आले किंवा गवती चहा घालून, दूध-साखरेसह उकळलेला चहा होतो. तो पातेल्यातच पूर्ण तयार होतो आणि किटलीत फक्त ओतला जातो. शिवाय दुधातील प्रथिने चहाला तुरटपणा देणाऱ्या टॅनिनला बांधून ठेवतात, त्यामुळे मातीने सौम्य करावी अशी तुरटी फारशी उरत नाही. अशा चहासाठी आतून कोरी, म्हणजे बिनझिलईची किटली घेणे ही सरळ चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी पाहुणे आले असताना लाल मातीच्या कोऱ्या किटलीत दुधाचा चहा ओतून ठेवला. नंतर ती धुतली, पुसली, झाकण लावून फडताळात ठेवली. तिसऱ्या दिवशी झाकण काढले तेव्हा आंबूस, खवट वास आला. दुधातील स्निग्धांश छिद्रांत शिरून बसला होता. तीनदा पाण्यात उकळूनही तो वास गेला नाही आणि ती किटली कायमची बाद झाली.

आता एकेका मातीकडे येऊ. लाल मातीची भांडी साधारण १००० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून कमी तापमानाला भाजली जातात. तेवढ्या आचेत मातीचे कण एकमेकांत विरघळून घट्ट होत नाहीत, म्हणून भांडे सच्छिद्र राहते. आपला माठ पाणी गार करतो तो याच गुणामुळे. किटलीत हाच गुण अडचणीचा ठरतो. कोरी किटली पाझरते, चहाचा सुगंध काही अंशी स्वतःकडे ठेवते आणि धक्का लागला तर लवकर टवकते. तिच्यावर झिलई असेल तर वेगळी चौकशी करावी लागते, कारण कमी आचेवर वितळणाऱ्या झिलईत पूर्वीपासून शिसे वापरले जात आले आहे. लिंबू पिळलेला चहा आम्लधर्मी असतो आणि अशा झिलईतून शिसे उतरण्याचा धोका आम्लामुळे वाढतो. करणारा माणूस समोर असेल तर झिलई शिसेविरहित आहे का, हे स्पष्ट विचारावे आणि उत्तर संदिग्ध वाटले तर भांडे परत ठेवावे. जयपूरच्या निळ्या भांड्यांच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी. त्यांचा मूळ गोळा मातीचा नसून मुख्यतः गारगोटीची पूड, काचेची पूड आणि मुलतानी माती यांचा असतो, आणि तेही कमी आचेवर भाजले जातात. ती किटली दिसायला अतिशय देखणी असते, पण मी तिच्यात चहा करणार नाही.

स्टोनवेअर साधारण १२०० ते १३०० अंशांना भाजतात. त्या आचेत मातीतील काही घटक वितळून कणांमधील जागा भरतात आणि भांडे दगडासारखे घट्ट होते. वडोदऱ्यातील स्टुडिओंमधून मिळणाऱ्या किटल्या बहुतांशी याच जातीच्या असतात, आणि उत्तर प्रदेशातील खुर्जा इथून येणाऱ्या भांड्यांतही स्टोनवेअर असते. पोर्सिलिन पांढऱ्या, लोहाचा अंश अत्यल्प असलेल्या मातीचे असते. ते आणखी दाट आणि बरेच पातळ करता येते. चहा पारखणारे लोक पोर्सिलिनच का वापरतात, हे इथे ध्यानात घेण्यासारखे आहे. चवपरीक्षेसाठी चहा कसा करावा याचे आयएसओ ३१०३ हे आंतरराष्ट्रीय मानक १९८० मध्ये आले, आणि त्यात पांढरे पोर्सिलिन किंवा झिलईचे भांडे, १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा आणि ६ मिनिटे असा नियम आहे. घरी प्यायला हा चहा फार कडक होतो. त्यामागचा हेतू मात्र स्वच्छ आहे : भांड्याने चहात काही घालू नये आणि त्यातून काही काढूही नये.

उष्णतेच्या बाबतीत मातीच्या नावापेक्षा भांड्याचे वजन मोठे ठरते. ६०० ग्रॅम वजनाची स्टोनवेअर किटली खोलीच्या ३० अंश तापमानाला असताना तिच्यात ४०० मिलिलिटर आधण ९८ अंशांना ओतले, तर किटली आणि पाणी सारख्या तापमानाला येईपर्यंत पाणी ८१-८२ अंशांपर्यंत उतरते. तेच पाणी ३०० ग्रॅमच्या पातळ पोर्सिलिनमध्ये ८८ अंशांच्या आसपास राहते. हा साधा हिशेब आहे, हवेत जाणारी उष्णता त्यात धरलेली नाही. तरी फरक किती पडतो ते त्यातून कळते. ग्रीन टीला ७० ते ८० अंशांचे पाणी लागते, त्यामुळे जड, न तापवलेली किटली तिथे मदतच करते. दार्जिलिंग किंवा निलगिरीच्या काळ्या पानांना मात्र ८१ अंश कमी पडतात, चहा फिका आणि मुका उतरतो, आणि दोष पानांना दिला जातो. उपाय अगदी साधा आहे : आधी उकळते पाणी किटलीत घालून मिनिटभर फिरवावे, ओतून टाकावे आणि मग चहा टाकावा. एकदा तापलेली जाड किटली दुसरा कप होईपर्यंत चहा चांगला गरम ठेवते, हा तिचा खरा फायदा. पातळ पोर्सिलिन तेवढ्या वेळात निवते.

मी एका रविवारी तीन किटल्यांत एकच दार्जिलिंग चहा केला : ४०० मिलिलिटरला ५ ग्रॅम, ४ मिनिटे, तिन्ही किटल्या आधी तापवलेल्या. पोर्सिलिन आणि आतून झिलईच्या स्टोनवेअरमधला चहा डोळे मिटून घेतला तेव्हा मला वेगळा ओळखता आला नाही. बिनझिलईच्या लाल मातीत वरचा फुलांसारखा सुगंध दबला, शेवटची तुरटी मऊ झाली आणि चहा जिभेवर जरा गोलसर वाटला. तुरटी नको असणाऱ्याला हा बदल आवडेल. मी दार्जिलिंगसाठी पैसे मोजतो ते त्या वरच्या सुगंधासाठी, म्हणून मला तो तोटा वाटला.

चीनच्या ज्यांगसू प्रांतातील यीशिंगची किटली कोरी लाल माती आणि झिलईचे भांडे या दोन टोकांच्या मधली आहे. तिथली लोहयुक्त माती झिशा, म्हणजे जांभळी वाळू, या नावाने ओळखली जाते. ती बिनझिलईची ठेवूनही पाझरत नाही इतकी घट्ट भाजते आणि तरी थोडी सच्छिद्र राहते. जपानमधील तोकोनामेच्या लाल किटल्यांचा स्वभावही काहीसा असाच, आणि त्या मुख्यतः ग्रीन टीसाठी वापरतात. अशा किटलीला एकच प्रकारचा चहा द्यायचा असतो, कारण ती वास धरते. शिवाय यीशिंगच्या बऱ्याच किटल्या १०० ते २०० मिलिलिटरच्या असतात, भरपूर पाने घालून एकाच चहाचे अनेक छोटे घोट काढण्यासाठी. चार माणसांच्या घरात ती रोजच्या कामाला पुरणार नाही, आणि यीशिंगच्या नावाने नकली माल इतका विकला जातो की ओळखीच्या विक्रेत्याशिवाय ती घेऊ नये. जो माणूस सकाळी एकटा बसून एकच पान वर्षानुवर्षे पितो, त्याने ती जरूर घ्यावी.

दुकानात दोन परीक्षा करता येतात. किटलीच्या बुडाचा झिलई नसलेला कडा पाहावा आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा. थेंब लगेच आत ओढला गेला, तर माती सच्छिद्र आहे आणि झिलईला पुढेमागे बारीक तडे गेले तर तिथून चहा आत मुरणार. थेंब तसाच बसून राहिला, तर भांडे नीट भाजलेले आहे. दुसरी परीक्षा तोटीची : किटली पाण्याने भरून ओतावी, धार सलग पडते का आणि थांबवताना तोटीखाली ओघळ येतो का ते पाहावे, मग झाकणावरील छिद्रावर बोट ठेवावे. झाकण नेमके बसत असेल तर धार थांबते. तोटीचे टोक किटलीतील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर भरताच ती सांडते. हाताने केलेल्या किटल्यांत हा दोष मी अनेकदा पाहिला आहे. मूठ तीन बोटे आत जाऊन भांड्याला न टेकण्याइतकी मोठी असावी.

पाण्याचाही उल्लेख करायला हवा. वडोदऱ्यात मही नदीचे आणि आजवा तलावाचे पाणी येते, पण अनेक सोसायट्या बोअरचे पाणीही वापरतात. जड पाण्यातील कॅल्शियममुळे चहावर तेलकट दिसणारा पातळ पापुद्रा येतो आणि रंग गढुळतो. तो पापुद्रा दिसत असेल तर किटली बदलण्याआधी पाणी बदलून पाहावे; मातीच्या फरकापेक्षा तो फरक मोठा असतो.

एकच किटली घ्यायची असेल, तर आतून झिलईची, ४०० ते ५०० मिलिलिटरची, फार जड नसलेली स्टोनवेअर किटली घ्यावी. ती दुधाचा चहाही वाढते, कोरा चहाही करते आणि साबणाने धुता येते. घरात दार्जिलिंग, निलगिरी असा वेगवेगळा चहा होत असेल आणि सुगंधाची आवड असेल तर पोर्सिलिन. बिनझिलईची घेतलीच, तर तिला साबण लावू नये, फक्त गरम पाण्याने धुवावी आणि झाकण बाजूला ठेवून पूर्ण वाळू द्यावी; पावसाळ्यात बंद ठेवली तर आतून बुरशी धरते. आणि यांपैकी स्टोनवेअर किंवा पोर्सिलिन कधीही गॅसवर ठेवू नये, एका बाजूने अचानक तापल्याने ती तडकते.