मकाव पोपटासाठी घरी येणारे प्रशिक्षक, फोंडा (गोवा) परिसर: बोलणं शिकवत नाहीत, तरी बोलवा

मकाव बोलायला शिकवून हवा असेल, पाहुण्यांसमोर खेळ करून दाखवायला हवे असतील, तर यांच्यावर पैसे घालवू नका. ते स्वतःच फोनवर सांगतात, "बोलायचं त्याच्या मनात आलं तर बोलेल." आमचा जे काही बोलतो ते म्हणजे पोदेराच्या, म्हणजे दारोदार येणाऱ्या पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा. हुबेहूब, आणि पोदेर यायच्या बऱ्याच आधी. शेजारच्या वहिनी पिशवी घेऊन गेटपाशी येतात, आमच्या खिडकीकडे रागानं बघतात आणि परत जातात.

पक्षी माझा नव्हे, दिराचा. भावजी बोटीवर असतात. सुट्टीवर आले तेव्हा निळा-पिवळा मकाव घेऊन आले, सुट्टीभर खांद्यावर मिरवला आणि बोटीवर परत गेले. मागे राहिलो सासू-सासरे, नवरा, मी आणि शेपटीसकट जवळजवळ तीन फुटांचा हळदू. हे पक्षी नीट सांभाळले तर पन्नास वर्षं, कधी त्याहूनही जास्त जगतात. हे ऐकल्यावर नवऱ्यानं मनातल्या मनात वयाचा हिशेब केला आणि विषय बदलला.

प्रशिक्षकांनी पहिल्या भेटीत पक्ष्याला हातही लावला नाही. आधी कागद मागितले. वन्यजीव कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली आणि २०२४ ला नियम आले. तेव्हापासून अशा परदेशी प्राण्या-पक्ष्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. भावजींनी ती केली होती म्हणून आमचं काम पुढे सरकलं. नोंदणी नसेल तर ते येतच नाहीत, आणि आपल्याकडचा साधा पोपट कोणी पिंजऱ्यात ठेवला असेल तर त्या घराची पायरीही चढत नाहीत. तो पाळणंच गुन्हा आहे. मला हे आवडलं.

मग पिंजरा. दुकानदारानं "खास मकावचा" म्हणून दिलेला पिंजरा जस्ताचा मुलामा दिलेल्या जाळीचा होता. आपल्याकडच्या पावसाळ्यात लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. मुलामा सुटत होता आणि हळदू दिवसभर त्याच गजांवर चोच चालवत होता. जस्त पोटात गेलं की पक्ष्याला विषबाधा होते. प्रशिक्षकांनी कागदावर मापं काढून दिली: ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील, दोन गजांत इंच ते दीड इंच अंतर, खाण्याच्या वाट्या कुलूपबंद. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरकडून तसा करून घेतला. महाग पडला. एवढ्या पैशांत आमच्या न्हाणीघराच्या फरशा बदलून झाल्या असत्या. पण साधे नट हळदू जिभेनं फिरवून काढतो, तेव्हा स्वस्तात काही जमणारही नव्हतं.

स्वयंपाकघरात मात्र भांडण झालं. नॉनस्टिकचा थर जास्त तापला की जो वायू निघतो तो माणसाला जाणवणारही नाही, पण पक्षी त्यानं काही मिनिटांत मरू शकतो. माझा डोशाचा तवा गेला, मी बिडाचा आणला. सासूबाईंचा देवघरातला धूप बंद करायची वेळ आली तेव्हा त्या म्हणाल्या, "देवापेक्षा पोपट मोठा झाला काय?" प्रशिक्षक शांतपणे कोकणीतून त्यांच्याशी देवळाच्या गोष्टी करत बसले आणि पिंजरा मागच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत न्यायचं ठरवून उठले. धूप राहिला. माणसांशी बोलायची ही हातोटी त्यांच्या फीमध्ये धरलेली नाही, पण धरायला हवी.

किंचाळण्याबद्दल आधीच सांगते, पूर्ण थांबत नाही. रानात हे पक्षी पहाटे आणि तिन्हीसांजेला एकमेकांना हाका मारतात. तेवढा वेळ तो ओरडणारच, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. मधल्या वेळचं ओरडणं कमी करता येतं. आमचे सासरे तो ओरडला की चहात बुडवलेलं काकण (बांगडीच्या आकाराचा कडक पाव) त्याच्या चोचीत देत, "गप रे बाबा" म्हणत. म्हणजे ओरडण्याचा पगारच. काकण बंद झालं आणि तो शांत असताना कोणीतरी जाऊन चार शब्द बोलायचं असं ठरलं. आधी आठवडाभर आवाज वाढला, मग उतरला. संध्याकाळचा मात्र कायम आहे. सासरे जत्रेच्या नाटकात गातात, त्यांचा रियाझ नेमका त्याच वेळी असतो. आता दोघांचं एकदम चालतं. मी त्या वेळेला बाजारात जाते.

चावण्याचा भाग मला सगळ्यात उपयोगी वाटला. मकाव हातावर चढताना आधी चोच पुढे करतो, फांदी पक्की आहे की नाही ते चाचपल्यासारखी. आपल्याला वाटतं चावतोय, आपण हात मागे घेतो, त्याचा तोल जातो आणि पुढच्या वेळी तो खरंच घट्ट धरतो. हात स्थिर ठेवायचा. खरा चावा यायच्या आधी डोळ्यांच्या बाहुल्या भराभर लहान-मोठ्या होतात, मानेची पिसं फुलतात. गालाची पांढरी कातडी गुलाबी झाली तर समजायचं स्वारी तापली आहे. पण हळदू आनंदानंही लाजतो, त्यामुळे नुसत्या गालावर जाऊ नका. आणि पाठ कुरवाळायची नाही, फक्त डोकं-मान. पाठीवरून हात फिरवला की त्याला जोडीदाराची आठवण होते आणि मग त्याच्या आवडत्या माणसाशिवाय घरातले बाकी सगळे शत्रू ठरतात.

बक्षिसाला काजू, तोही अर्ध्या बीचा तुकडा आणि फक्त शिकवणीच्या वेळी. वाटीत कधीच नाही. घरचे काजू असले तरी भाजून सोललेलेच द्यायचे, टरफलाचं तेल आपले हात जाळतं तर त्याची जीभ काय राहील! शेंगदाण्याच्या शेंगा पावसाळ्यात बुरशी धरतात म्हणून बाद. शेवग्याचा पाला, तांबडी भाजी, पपई, कोवळं खोबरं चालतं. मिरची तो बडीशेपेसारखी खातो, पक्ष्यांना तिखट लागत नाही.

आता ज्यासाठी मी पाच तारे देते ते. काठीच्या टोकाला चोच लावली की काजू, एवढ्या एका युक्तीवर त्यांनी त्याला स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर चढायला शिकवलं. प्रवासाची पेटी महिनाभर दार काढून हॉलमध्ये ठेवायला लावली, त्याचं आवडतं खाणं तिथेच. पुढे दार आलं, मग क्षणभर बंद. आणि सिरिंजमधून पपईचा रस प्यायला शिकवलं. तेव्हा मला हा सगळा वेळकाढूपणा वाटत होता, तसं मी त्यांना म्हटलंही. पण पक्षी दुखणं लपवतात. रानात आजारी दिसला तो संपला. पिसं फुगवून बसेपर्यंत दुखणं पुढे गेलेलं असतं, काट्यावर ते आधी दिसतं. श्रावणात हळदूचं वजन रोज थोडं थोडं उतरू लागलं, खाणं-ओरडणं तसंच. पक्ष्यांचं बघणारे डॉक्टर आमच्यापासून लांब. तो आपणहून पेटीत गेला, टॉवेलात गुंडाळून झटापट नाही. पोटात जंतुसंसर्ग निघाला. औषध सिरिंजनं, रोज दोनदा, आणि तो वाट बघत असायचा. वजन भरून आलं. ओळखीच्या एकांनी त्यांच्या मकावला औषध द्यायला तीन माणसं लावली होती, त्यांच्या हातावरचे व्रण मी पाहिलेत.

तक्रारी आहेतच. वेळेवर येत नाहीत. जोराचा पाऊस म्हणजे भेट रद्द, आणि आपल्याकडे जुलैत दुसरं काय असतं? पिंजऱ्याची मापं सोडली तर काहीही लिहून देत नाहीत, सगळं तोंडी, त्यामुळे मी वही केली. एका भेटीचे दीड हजार आणि पेट्रोल वेगळं, हे सगळ्यांना परवडणार नाही. पंख छाटून द्या म्हटलं तर सरळ नाही म्हणतात, मोकळ्यावर उडवायला शिकवा म्हटलं तरी नाही. दुसऱ्याला माझी हरकत नाही, आमच्या माडांवरून त्याला खाली कोण उतरवणार? पण पहिल्यावर सासूबाई अजून रुसून आहेत.

घरात रोज पक्ष्यासोबत बसायला कोणी नसेल तर यांना बोलावून फायदा नाही. ते स्वतःच दुसऱ्या भेटीला नकार देतात, तसं एका घरी झालेलं मला माहीत आहे.

दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या पुतळ्यांपाशी भोंगे पहाटेपर्यंत चालतात. त्या रात्रीची तयारी करून घ्यायची असेल तर चवथ (गणेशचतुर्थी) संपल्या संपल्या फोन करा, नंतर त्यांची तारीख मिळत नाही.