जेव्हीएमचा बाइटकोड व्हेरिफायर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने मी एएसएम ही बाइटकोड बदलण्याची लायब्ररी वापरून एक लहानसा जावा एजंट (चालणाऱ्या प्रोग्रॅमला जोडला जाणारा पूरक प्रोग्रॅम) लिहीत आहे. प्रत्येक मेथडला किती वेळ लागतो हे मोजण्यासाठी क्लास लोड होतानाच त्याच्या बाइटकोडमध्ये, म्हणजे जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारे आभासी यंत्र) ज्या सूचना चालवते त्यांमध्ये, चार-दोन सूचना घुसडायच्या, एवढेच त्याचे काम. नुसती जावा लिहिणाऱ्याची व्हेरिफायरशी, म्हणजे चालवण्यापूर्वी बाइटकोड तपासणाऱ्या जेव्हीएमच्या भागाशी, सहसा गाठ पडत नाही. बाइटकोडला हात घालणाऱ्याची मात्र रोज पडते.

पहिल्याच आठवड्यात व्हेरिफायएरर, म्हणजे त्या तपासणीत नापास झाल्याचा संदेश, आला. सुरुवातीची वेळ मी लाँग (मोठा पूर्णांक) म्हणून स्लॉट 2 मध्ये, म्हणजे मेथडच्या व्हेरिएबलांसाठीच्या त्या क्रमांकाच्या खान्यात, ठेवली होती आणि लाँग दोन स्लॉट व्यापतो हे विसरून स्लॉट 3 मध्ये एक ऑब्जेक्ट टाकला होता. संदेशात स्वच्छ लिहिले होते की, स्लॉट 2 मध्ये आता लाँग नसून ‘टॉप’, म्हणजे ज्याविषयी काहीही गृहीत धरता येत नाही असा टाइप आहे. सोबत मेथडचे नाव, सूचनेची जागा आणि त्या क्षणीचा स्टॅक (सूचनांची तात्पुरती मूल्ये) हेही छापलेले होते. इतका नेमका पंचनामा मला कोणत्याही कंपायलरने करून दिलेला नाही.

खरा त्रास स्टॅकमॅप फ्रेमचा, म्हणजे मेथडमधल्या ठरावीक जागी स्लॉटमध्ये आणि स्टॅकवर कोणते टाइप आहेत याच्या नोंदीचा. जुना व्हेरिफायर टाइप स्वतः शोधत बसे. जावा 6 पासून (2006) कंपायलरच ते क्लास फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि व्हेरिफायर एका फेरीत फक्त ताडून पाहतो. जावा 7 च्या क्लास फाइलींना ही पद्धत सक्तीची झाली. जेव्हीएमचे ओझे हलके झाले ते आमच्या डोक्यावर आले. कोडच्या दोन वाटा जिथे मिळतात तिथे दोन टाइपांचा समान पूर्वज लागतो, आणि तो शोधण्यासाठी एएसएम मुळात ते दोन्ही क्लास लोड करू पाहते. एजंटच्या आत हे अंगाशी येते, म्हणून पूर्वज थेट क्लास फाइलमधून वाचणारा कोड मला लिहावा लागला.

वैतागून एकदा तपासणी बंद करणारा ‘-नोव्हेरिफाय’ हा पर्याय दिला. जेडीके 13 पासून हा पर्याय कालबाह्य ठरवलेला असल्याने जेव्हीएम तशी ताकीद देते. मी ती वाचून सोडून दिली. प्रोग्रॅम तीन तास सुरळीत चालला आणि मग गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा भाग) चालू असताना मध्येच सगळी प्रक्रियाच कोसळली. चार दिवस शोधाशोध करून शेवटी तपासणी पुन्हा सुरू केली, तेव्हा क्लास लिंक होतानाच (चालण्याआधी जोडला जातानाच) कळले की, ऑब्जेक्टच्या जागी मी इंट ठेवला होता.

तरीही व्हेरिफायरवर डोळे मिटून विसंबू नये. इंटरफेस टाइपच्या जागी कोणताही ऑब्जेक्ट दिला तरी व्हेरिफायर तो चालवून घेतो. चूक उघड होते ती प्रत्यक्ष कॉलच्या वेळी, इनकम्पॅटिबलक्लासचेंजएररच्या रूपाने. शिवाय बूट लोडरने (जावाचे स्वतःचे मूळ क्लास लोड करणाऱ्या भागाने) आणलेले क्लास हॉटस्पॉट हे नेहमीच्या वापरातले जेव्हीएम सहसा तपासतच नाही. त्यासाठी ‘बाइटकोडव्हेरिफिकेशनलोकल’ हा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. माझ्या चाचण्यांमध्ये तो आता कायम चालू असतो. सुरुवात थोडी रेंगाळते, पण त्या चार दिवसांपुढे ते काहीच नाही.