वकिली इंग्रजीसाठी काय निवडाल: क्लास, मूट की सीनियरचं ऑफिस?

मराठी माध्यमातून लॉला आलेल्यांपुढे पुण्यात तीन वाटा असतात: डेक्कन किंवा सदाशिव पेठेतला स्पोकन इंग्लिशचा क्लास, कॉलेजातलं मूट कोर्ट, म्हणजे सरावासाठी लढवलेला काल्पनिक खटला, आणि शिवाजीनगर कोर्टात काम करणाऱ्या एखाद्या सीनियर वकिलाचं ऑफिस. निवडण्याआधी इंग्रजी नेमकी कुठे लागणार ते पाहा. जिल्हा न्यायालयात मराठी चालते. पण पुण्याची प्रकरणं मुंबईला उच्च न्यायालयात जातात आणि तिथलं कामकाज राज्यघटनेच्या कलम 348 नुसार इंग्रजीत चालतं. कंपन्यांचे करार आणि नोटिसाही बहुतेक इंग्रजीतच असतात. म्हणजे बोलण्याच्या कितीतरी आधी लिहिणं येतं.

क्लासने भीड मोडते, क्रियापदांचे काळ सुधारतात. एवढ्यासाठीच जायचं असेल तर आधी घरी बसून जमिनीच्या एखाद्या वादाची हकिकत दहा ओळींत इंग्रजीत लिहा. भूतकाळ धड जमत नसेल तर क्लास लावा, कारण दाव्यातली जवळजवळ सगळी हकिकत भूतकाळातच असते. जमत असेल तर ते पैसे वाचवा. क्लासमध्ये ‘आय थिंक’ घोटून घेतात. कोर्टात वकिलाचं वैयक्तिक मत कुणी विचारत नाही, तिथे ‘माय सबमिशन इज’ म्हणावं लागतं.

मूटमध्ये तोंडी युक्तिवादाची तयारी चांगली होते. फसतं ते पाठांतरामुळे: जजने मध्येच प्रश्न टाकला की धागा तुटतो. एका कागदावर फक्त मुद्दे लिहा आणि मित्राला दर मिनिटाला अडवायला सांगा. प्रश्न आला की आधी ‘येस’ किंवा ‘नो’, मग कारण. मूटची उणीव एकच, पण मोठी. वस्तुस्थिती आयती छापून मिळते. पक्षकाराच्या विस्कळीत बोलण्यातून ती वेचून मांडायची सवय लागत नाही.

ती लागते सीनियरच्या ऑफिसात. चेक न वटल्याची नोटीस घ्या. बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत ती पाठवायची असते आणि पैसे द्यायची 15 दिवसांची मुदत समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून मोजतात. चेकचा नंबर, तारीख, बँक, रक्कम, रिटर्न मेमोची (चेक परत करताना बँक देते त्या चिठ्ठीची) तारीख आणि कारण हे सगळं हवं. नवखा ज्युनियर व्याज, खर्च धरून एकच एकूण आकडा मागतो आणि तिथेच नोटीस अडचणीत येते. चेकची रक्कम वेगळी आणि स्पष्ट मागितलेली हवी. शेवटी ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहू नका, त्यातून कसलीच मागणी होत नाही.

कैफियतीत, म्हणजे दाव्याला प्रतिवादी देतो त्या लेखी उत्तरात, भाषा आणखी घट्ट लागते. वादीने म्हटलं, 2,00,000 रुपये दिले. प्रतिवादीने नुसतं ‘2,00,000 मिळाले नाहीत’ असं लिहिलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8, नियम 4 प्रमाणे तो नकार टाळाटाळीचा ठरतो. 1,90,000 मिळाले असतील, असा अर्थ उरतोच. म्हणून ‘ऑर एनी पार्ट देअरऑफ’ (किंवा त्यातला कोणताही भाग) जोडायचं, किंवा किती मिळाले ते सांगायचं. जे मुद्देसूद नाकारलं नाही ते मान्य केलं असं धरता येतं, त्यामुळे इथली ढिलाई पक्षकाराला भोवते.

आमचा कौल ऑफिसकडे आहे, पण कुठल्याही ऑफिसकडे नाही. कामाच्या गर्दीत ज्युनियरच्या हाती जुना फॉरमॅट येतो, नावं बदलली जातात आणि एखाद्या परिच्छेदात आधीच्या पक्षकाराचं नाव तसंच राहून जातं. त्यातून इंग्रजी येत नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे इंटर्नशिप करावीच लागते. ती अशा ठिकाणी घाला, जिथे तुमचा मसुदा लाल पेनाने खाडाखोड होऊन परत मिळतो. पहिल्याच आठवड्यात एक नोटीस स्वतः लिहून सीनियरपुढे ठेवा. दोन-तीनदा मागूनही दुरुस्ती मिळाली नाही आणि नुसत्या तारखा घ्यायला पाठवत राहिले, तर पुढच्या सुट्टीत दुसरं ऑफिस शोधा.