बिडाचा तवा: एका ख्रिस्ती स्वयंपाकघरातून परीक्षण

मी घेतलेला बिडाचा (कास्ट आयर्नचा) तवा १० इंची, सपाट तळाचा आणि दोन्ही बाजूंना कान असलेला आहे. त्याचे वजन दोन किलोच्या आसपास भरते आणि तो कारखान्यातूनच तेलाचा थर चढवून आलेला आहे. आणल्या दिवसापासून वापरता येईल, असे विक्रेते सांगतात. ते खरे आहे, पण अर्धेच. थालीपीठ आणि भाकरी पहिल्या दिवसापासून उत्तम होतात, कडेने सोडलेले तेल तव्यात मुरते आणि थालिपिठाला खालून जो खमंग रंग येतो तो नॉनस्टिकवर कधीच येत नाही. आंबोळी आणि घावन मात्र सुरुवातीला मधोमध धरून ठेवतात, आणि उलथणे घातले की जाळी फाटते.

याचे कारण बिडाच्या घडणीत आहे. बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो आणि ते वाळूच्या साच्यात ओततात, त्यामुळे पृष्ठभाग हाताला किंचित खरखरीत लागतो. त्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून तवा धूर येईपर्यंत तापवला, की ते तेल तेल राहत नाही, त्याचा धातूला घट्ट धरून बसणारा कठीण काळा थर होतो. असे थरावर थर बसत गेले म्हणजे पदार्थ तव्याला न चिकटता सुटू लागतो. कारखान्यात दिलेला थर ही केवळ सुरुवात असते. अर्धा कांदा काट्याला खोचून, तेलात बुडवून तापलेल्या तव्यावर फिरवण्याची आपल्याकडची जुनी पद्धत याच कामाची आहे. तेल जास्त झाले तर मात्र थर कठीण होण्याऐवजी चिकट राहतो, म्हणून कांद्यानंतर कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे.

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या आपल्यासारख्यांना हा तवा जे शिकवतो ते मला या दिलेल्या थरातच सापडले. आपल्यापैकी बहुतेकांचा विश्वास असाच आयता आला आहे: बाळपणीचा बाप्तिस्मा, संध्याकाळची घरची प्रार्थना, आजीने पाठ करून घेतलेले तेविसावे स्तोत्र. ही देणगी खरी आहे, तिला कमी लेखू नये. प्रेषित पौलानेही आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या निष्कपट विश्वासाची आधी आठवण काढली आहे. पण लगेच पुढच्याच वचनात, तुझ्यात असलेले देवाचे कृपादान प्रज्वलित कर, असे तो सांगतो. आजीचा विश्वास मिळाला, तरी विस्तव रोज स्वतःच पेटवावा लागतो. जो तवा थर आहे म्हणून शोभेला टांगून ठेवला, त्याच्यावर घावन कधीच सुटणार नाही.

पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, तव्याला स्थान आहे, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. लेवीय या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात तेलात मळलेल्या सपिठाचे, तव्यावर भाजलेले अन्नार्पण सांगितले आहे. पहिला इतिहास या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात द्वारपाळ आणि गायक यांच्याच यादीत मत्तिथ्या नावाच्या लेव्याचा, म्हणजे देवाच्या घराची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाचा, उल्लेख येतो, आणि त्याच्यावर सोपवलेले काम तव्यावर भाजायच्या पदार्थांचे आहे. गाणाऱ्यांइतकीच भाजणाऱ्याची सेवा नोंदवून ठेवावी असे त्या लेखकाला वाटले, याचे मला फार मोल वाटते, कारण आपल्या मंडळ्यांमध्ये सणाच्या जेवणासाठी पहाटेपासून चुलीपाशी उभ्या राहणाऱ्या स्त्रियांची नावे अहवालात क्वचितच येतात. जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय तर यरुशलेमेतील आणि यहूदातील प्रत्येक भांडे परमेश्वराला पवित्र होईल, असे म्हणतो.

टिकाऊपणाविषयी मात्र जपून बोलले पाहिजे. नॉनस्टिकचा लेप साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब होऊ लागतो, ती अडचण बिडाला नाही, आणि नीट वापरलेला तवा पुढच्या पिढीच्याही कामी येतो. पण तो अविनाशी नाही. रात्रभर ओला राहिला तर सकाळी तांबूस गंज दिसतो, आणि पृथ्वीवरच्या संपत्तीला कसर आणि जंग खातात, हे प्रभूचे बोल अशा वेळी अक्षरशः समोर येतात. आपण तो वारसा म्हणून मिरवू लागलो तर चुकीचाच धडा घेऊ. दिलासा एवढा, की गंज लागला म्हणून तवा वाया जात नाही. नारळाच्या शेंडीने घासावा, धुवावा, विस्तवावर पूर्ण कोरडा करावा आणि तेलाचा थर पुन्हा पहिल्यापासून चढवावा. पश्चात्ताप आणि क्षमा यांविषयी मुलांशी बोलताना हे काम त्यांच्याच हातून करून घेण्यासारखे आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. मनगट दुखणाऱ्यांना आणि वयस्करांना हे वजन झेपत नाही. कान तापतात, त्यामुळे जाड फडके हाताशी हवेच. बीड ठिसूळ असल्याने फरशीवर पडले तर तडा जातो, आणि तडा गेलेला तवा दुरुस्त होत नाही. चिंच, कोकम किंवा टोमॅटोचा रस त्यात शिजवू नये, आंबटाने थर निघतो. तापायला वेळ लागतो, म्हणून घाईच्या सकाळी तो आधीच मंद आचेवर ठेवावा. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतणे तर कटाक्षाने टाळावे.

मला तो हजार रुपयांच्या आसपास पडला आणि तेवढ्याला तो नक्कीच योग्य आहे. रोज भाकरी, थालीपीठ, धिरडी होणाऱ्या घराने अवश्य घ्यावा. दोघांच्या घराला लहान आकार पुरे. मात्र दुकानात जाण्यापूर्वी माळ्यावर एकदा शोधावे. आजीचा जुना तवा गंजून पडला असेल आणि त्याला तडा नसेल, तर नव्यावर पैसे घालण्याचे कारण नाही.