इंजिन आधीच कोमट होतं

भंगार बाजारात जुनं इंजिन घ्यायला गेलो होतो. हात लावला तेव्हाच ते कोमट लागलं. डीलर म्हणाला, "सकाळी दुसऱ्या गिऱ्हाइकाला चालू करून दाखवलं, दादा." मी मान हलवली. तिथंच फसलो.

माझी गाडी टाटा ४०७, छोटा ट्रक. लासलगावहून कांदा घेऊन मुंबईला जाते. येताना कसारा घाट रिकामी चढतानाही धाप लागायची. निळा धूर, ऑइलची पट्टी काढली की फुस्स हवा, वर ऑइल पिणं वेगळंच. आमचा फिटर म्हणाला, पिस्टन आणि तो ज्यात वरखाली होतो ती नळी, म्हणजे लायनर, बदला; पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा, क्रँक, मोजू, लागलं तर घासून त्या मापाची अंडरसाइज बेअरिंग घालू. खर्च ७० हजार, दिवस पंधरा. पण सीझन तोंडावर, हप्ता डोक्यावर. भंगार बाजारात 'चालू कंडिशन' इंजिन ५५ हजारांत मिळत होतं. माझं जुनं बदल्यात दिलं तर त्यातून दहा कमी, आणि दोन दिवसांत गाडी रस्त्यावर. फिटर म्हणाला, "भाऊ, स्वतःचा ब्लॉक, इंजिनाचं धडच ते, हातचा घालवू नका." मला वाटलं, याला काम हवंय.

इंजिन डीलरच्याच माणसानं बसवलं. "ऑइल नवंच आहे, एवढ्यात बदलू नका," असंही सांगितलं.

नऊशे किलोमीटर चाललं. इगतपुरीजवळ ऑइलचा दिवा लागला, पाठोपाठ खटखट. इंजिनाखालच्या ऑइल चेंबरमधून निघालं ते इंजिन ऑइल नव्हतंच. गिअरचं १४० नंबर, काकवीसारखं. त्यानं धूर दबतो, प्रेशरही भरलेलं दिसतं. मात्र थंड इंजिन अशा ऑइलवर सुखासुखी चालू होत नाही, म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधीच ते तापवून ठेवायचं. बेअरिंग झिजून आतलं तांबं उघडं पडलेलं, लायनरलाही झिजून बोटाला लागेल अशी कड.

फिटरनं रॉकेलच्या चिंधीनं इंजिन नंबराची जागा पुसली. रंगाखाली ग्राइंडरचे ओरखडे, त्यावर वाकडेतिकडे नवे आकडे ठोकलेले. इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, आणि माझ्याकडचं बिल कच्चं, त्यावर नंबरच नाही. कळवू तरी काय? उद्या ते चोरीचं निघालं तर जाब मलाच विचारणार. सकाळी अचानक जाऊन थंड इंजिन चालू करायला लावलं असतं, आधी नंबर पाहून पक्क्या बिलावर लिहून घेतला असता, तर एवढं झालं नसतं.

डीलरकडे गेलो. पैसे राहू द्या, माझं जुनं इंजिन तरी परत द्या म्हटलं.

"ते त्याच आठवड्यात गेलं, दादा. ब्लॉक एकदम चांगला होता."